नगरदेवळे आधी, गाळण नंतर

निंबखेड्यात कोणाच्या टाचेत काटा रुतू द्या, कोणाला विंचू चावू द्या, भोवतालची माणसं आधी एकच सांगतात, "गाडी सोड!" ज्याला दुखतंय त्यानं मग रेल्वेची स्टेशनं म्हणायची. जळगाव, शिरसोली, म्हसावद, माहेजी, परधाडे, पाचोरा, नगरदेवळे, गाळण, कजगाव. कजगाव आलं की सगळ्यांनी मिळून ओरडायचं, "उतर!" कारण निंबखेड्याचा माणूस गाडीतून उतरतो तो तिथंच. तोवर काटा निघालेला असतो, नाहीतर भडगावच्या दवाखान्यात न्यायला मोटारसायकल दारात आलेली असते. म्हणता म्हणता रडणं मागे पडतं, एवढं मात्र खरं. लहान पोरांना तर यात इतकी गंमत वाटते की काही जण काटा नसतानाही गाडी सोडतात.

या गाडीत एक चूक आहे. पाचोऱ्याहून चाळीसगावकडे निघालं की आधी गाळण लागतं आणि मग नगरदेवळे. निंबखेड्याची गाडी आधी नगरदेवळे घेते. शाळेत नवे गुरुजी आले की पहिल्या वर्षी भिंतीवर नकाशा लावून ती चूक सुधारायला बघतात. दुसऱ्या वर्षी त्यांच्याच अंगठ्याला ठेच लागते आणि तेही नगरदेवळे आधी म्हणून मोकळे होतात.

ही गाडी गावात आणली रुपचंद नानांनी. नाना तरुणपणी फौजेच्या वैद्यकीय दलात होते. एकाहत्तरची लढाई झाली, त्यानंतर काही वर्षांनी ते गावी परतले. त्यांनी शेती केली, गावाचे काटे काढले, जखमा बांधल्या आणि दहाएक वर्षांपूर्वी ते गेले. लढाईत तुम्ही काय केलं, असं कोणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "पट्ट्या बांधल्या." त्यापुढे एक अक्षर नाही.

आता तेच उत्तर त्यांच्या आड आलं होतं.

झालं असं की ग्रामपंचायतीसमोर दगड बसवायचं ठरलं. एकाहत्तरच्या लढाईत आघाडीवर गेलेल्या गावच्या माणसांची नावं त्यावर कोरायची आणि डिसेंबरात विजय दिवसाला तो उघडायचा. काम बघत होते कौतिक आबा. आबा स्वतः फौजी, पण ते भरती झाले तेव्हा लढाई होऊन गेली होती, म्हणून स्वतःचं नाव त्यांनी घातलं नाही. सख्ख्या भावाचंही घातलं नाही, कारण भाऊ त्या काळात दूरच्या छावणीत स्वयंपाकघरावर होता. नियम सगळ्यांना सारखा होता. कागद दाखवा, नाहीतर आघाडीवर पाहिलेला माणूस उभा करा.

नानांचे कागद गिरणा नदीच्या पुरात गेले होते. घराची मागची भिंत बसली तेव्हा पेटीच वाहून गेली. नानांच्या नातीनं, रत्नानं, फौजेच्या रेकॉर्ड कार्यालयाला अर्ज पाठवला होता, पण जुनी नोंद शोधायला वेळ लागेल असं उत्तर आलं होतं. आणि दगड तर ट्रॅक्टरमधून उतरलासुद्धा होता.

"आबा, नाना लढाईत होते हे बठ्ठ्या गावाला, लहानथोरांना माहीत आहे," रत्ना म्हणाली.

"गावाला काय माहीत आहे? पट्ट्या बांधल्या, हे माहीत आहे." आबा दगडाला टेकून उभे होते. "पट्ट्या पुण्याच्या दवाखान्यातबी बांधतात, बेटा. मी नाही म्हणत नाही. मी पुरावा मागतो."

रत्नाची आजी, पुष्पाबाई, तिथंच होती. तिनं नातीचा दंड धरला. "चाल व माय. कसाले तोंडाला तोंड देस?"

घरी येताच आजी कामाला लागली. कापूस वेचून आलेली माणसं ओट्यावर टेकली होती, त्यांना पाणी दिलं, चूल पेटवली. मग फुंकणी हातात धरून म्हणाली, "मी त्यासले कधी इचारं नही. वाटे, इचारं तर दुखई. आते कोनले इचारू?"

रत्ना भाकरी थापायची थांबली. आजीनं आयुष्यात काही मागितल्याचं तिला आठवत नव्हतं. आताही ती मागत नव्हती. पण या दगडावर नाना नसले तर आजी रोज त्याच्यासमोरून पाण्याला, दुकानाला, मंदिराला जाणार होती आणि रोज तिला तेच उत्तर मिळणार होतं की तुझा माणूस तिथं नव्हता.

"मी शोधते," रत्ना म्हणाली. "नानांना तिथं पाहिलेलं कोणीतरी असेलच."

"कोठे शोधशी?"

"एसटीत!"

आजी हसली, पण रत्ना थट्टा करत नव्हती. ती जळगाव आगारात कंडक्टर होती आणि तिची ड्यूटी बहुतेक जळगाव ते धुळे. एरंडोल, पारोळा, धुळे आणि परत. खान्देशातला कोणता म्हातारा या गाडीत कधी ना कधी बसत नाही?

त्या दिवसापासून रत्नाच्या तिकिटाबरोबर प्रश्न मिळायला लागला. ताठ बसलेला म्हातारा दिसला की ती विचारी, "बाबा, फौजेत होते का?" पारोळ्याला एक पिळदार मिशांचा माणूस चढला. काय छाती, काय नजर! रत्नाला वाटलं, हा तर सुभेदारच. तो म्हणाला, "युनिफॉर्म आहे ना माझ्याकडे, लाल, सोनेरी झालरीचा." तो बँडवाला निघाला. त्यानं लग्नसराईसाठी स्वतःचं कार्डही दिलं.

ड्रायव्हर समाधान आरशातून बघत खदखदा हसत होता. "रत्नाताई, आधी तिकिटं फाडा, आजोबा मागून शोधा. परवा तुम्ही पोस्टमनला सलाम ठोकला."

"त्याचा ड्रेस तसा होता!"

"उद्या मला विचाराल, तोफ चालवता का म्हणून."

"तुम्ही गाडी चालवता तीच तोफ आहे."

मागच्या सीटपर्यंत हशा पिकला. खरे फौजीही भेटले. कोणी तोफखान्यातला, कोणी नंतरच्या काळातला. एरंडोलचे एक गृहस्थ एकाहत्तरला होते, पण दुसऱ्या टोकाला, बंगालच्या बाजूला. प्रत्येक जण आस्थेनं ऐके, मोबाइलवरचा नानांचा फोटो निरखे आणि मान हलवी. फोटोत नाना सत्तरीचे, टोपी, जाड चष्मा. त्यावरून विशीतला जवान कोण ओळखणार?

तिकडे निंबखेड्यात कारागीर प्रेमराज दगड घासून गुळगुळीत करत आला होता.

एक दिवस धुळ्याच्या स्टँडवर गाडी लावता लावता समाधान म्हणाला, "ताई, गंमत बाजूला. माझ्या सीटचं कव्हर शिवलं तो नासीरचाचा फौजी आहे. स्टँडच्या मागच्या गल्लीत दुकान. एक पाय नाही त्याला. लढाईतच गेला म्हणतात."

"आणि हे तुम्ही आता सांगता?"

"तुम्ही फक्त बसणाऱ्यांना विचारत होतात. चालवणाऱ्याला कुठं विचारलं?"

रत्ना पळतच निघाली. गाडी परत सुटायला थोडाच अवकाश होता. गल्लीत रेक्झिनचे गठ्ठे रचलेलं अरुंद दुकान, आत हातानं फिरवायचं शिलाई मशीन आणि त्यामागे पांढऱ्या दाढीचे नासीरचाचा. लाकडी पाय त्यांनी काढून भिंतीला टेकवला होता. शेजारी त्यांची नात सदफ कापड कापत होती.

रत्नानं एका दमात सगळं सांगितलं. चाचांनी मशीन थांबवून फोटो पाहिला.

"रुपचंद महाजन?" ते म्हणाले. "नाही बेटी. हे नाव मी कधी ऐकलं नाही. मी सॅपर. सुरुंग काढणं आमचं काम. दवाखान्यातले लोक वेगळे."

"नीट आठवून बघा ना, चाचा."

"खोटं सांगू का? तुझं तोंड बघून सांगावंसं वाटतं. पण फौजी माणूस आहे मी."

सदफनं चहा पुढे केला. रत्नानं तो उभ्यानंच घेतला. स्टँडवरून हॉर्न वाजला, दोन लांब, एक आखूड. समाधानची खूण ती. ती वळली. तेवढ्यात मागे चाचांनी मशीन पुन्हा फिरवलं आणि लक्ष नसल्यामुळे सुई सरळ बोटात घुसली.

"या अल्ला!" ते कळवळले. सदफ धावली, बोट धरून सुई उलट फिरवायला लागली. चाचांनी डोळे मिटले आणि पुटपुटायला सुरुवात केली.

"जळगाव, शिरसोली, म्हसावद, माहेजी..."

रत्ना उंबऱ्यावर थबकली.

"...परधाडे, पाचोरा, नगरदेवळे, गाळण, कजगाव..."

तिच्या हातातला कप कधी खाली पडला ते तिला कळलंच नाही. "चाचा! पुन्हा म्हणा!"

"काय?"

"गाडी! पाचोऱ्यापासून म्हणा!"

चाचा बोट चोखत तिच्याकडे बघत राहिले. उत्तर सदफनं दिलं. "दीदी, आमच्या घरात सगळेच म्हणतात. लागलं की गाडी म्हणायची. माझ्या जन्माच्या वेळी अम्मीनं दवाखान्यात म्हटली होती, नर्स घाबरली होती म्हणे."

"पण नगरदेवळे आधी का घेता?"

"ते चूक आहे, मला माहीत आहे," चाचा म्हणाले. "पाय बरा झाल्यावर मी मुद्दाम त्या गाडीत बसून पाहिलं. गाळण आधी येतं. पण मी बदललं नाही. ज्या क्रमानं मी जगलो त्याच क्रमानं म्हणणार."

"तुम्हाला कोणी शिकवली?"

चाचांनी रेक्झिन बाजूला सारलं.

"शकरगडच्या बाजूला होतो आम्ही. पहाटेचं धुकं होतं. रस्ता मोकळा करताना सुरुंग फुटला. मी पडलो तिथं आणखी सुरुंग होते, कोणी जवळ यायला तयार नाही. एक जण आला. पोटावर सरपटत, पिशवी दातात धरून. मांडीला पट्टा आवळला, दुखणं मारायची सुई टोचली, ती दिल्याची खूण कपाळावर लिहिली. मी म्हटलं, भाई, झोपू दे. त्यानं फाडकन गालात मारली. म्हणाला, डोया झाकू नको, मनाकडे देख! माझ्याकडे बघ, म्हणजे. मी चमकलो. तिथं, पंजाबात, माझ्या गावची बोली! विचारलं, कुठला रे तू? म्हणाला, ते मंग सांगसू, आधी गाडी सोड. एक स्टेशन तो म्हणायचा, एक मी. थांबलो की आणखी एक चापट. मला घेऊन ती गाडी चालत राहिली आणि तोही मला ओढत राहिला. फौजेच्या दवाखान्याच्या गाडीनं मला मागे पाठवलं तेव्हा मी बेशुद्ध. नाव विचारायचं राहूनच गेलं. खूप शोधलं बेटी. खान्देशातला एवढंच माहीत, आणखी काय सांगून शोधणार?"

रत्नानं डोळे पुसले, पण ती हसतही होती आणि तिला धड बोलताही येत नव्हतं. "चाचा, आमचं गाव सगळं... सगळं गाव चुकीचं म्हणतं! नगरदेवळे आधी! ही गाडी नानांची आहे!"

चाचांनी मोबाइल मागून घेतला. पुन्हा तो फोटो, टोपी, जाड चष्मा. या वेळी बराच वेळ पाहिला. "चष्मा नव्हता तेव्हा," ते हळूच म्हणाले.

एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी समाधान धापा टाकत उभा राहिला. "ताई! प्रवासी माझा जीव खाताहेत, गाडी कधी सुटणार म्हणून!"

"सुटली!" रत्ना ओरडली. "समाधानभाऊ, गाडी सुटली!"

त्या फेरीत जळगावपर्यंत गाडीतल्या एकूण एक माणसाला नाना माहीत झाले. पारोळ्याला उतरणारी एक म्हातारी पुढं काय झालं ते ऐकायला एरंडोलपर्यंत बसली आणि वरच्या तिकिटासाठी रत्नाशी भांडली.

रत्नाच्या पुढच्या सुट्टीच्या दिवशी नासीरचाचा आणि सदफ निंबखेड्याला आले. ग्रामपंचायतीसमोर खाट टाकली होती. चाचा लाकडी पाय लावून, जुनी पदकं कोटाला टाचून आले होते. प्रेमराजनं छिन्नी खाली ठेवली. पोरं गोळा झाली. पुष्पाबाई डोक्यावर पदर घेऊन बायकांच्या घोळक्यात मागे उभी राहिली.

कौतिक आबांनी आधी पाणी दिलं, मग चहा, मग प्रश्न. पलटण कोणती, साहेब कोण, कुठून कुठं गेलात. चाचा एकेक उत्तर देत गेले आणि आबांची पाठ आपोआप सरळ होत गेली. मध्येच दोघांनी एकमेकांना खरीखुरी सलामी ठोकली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"तुमच्याविषयी शंका नाही," आबा म्हणाले. "पण खान्देशातले मलमपट्टीवाले आणखीही असतील. तो रुपचंदच कशावरून?"

"म्हणून दाखवू?"

"म्हना."

चाचांनी सुरुवात केली. तिसऱ्या स्टेशनापासून पोरांना राहवेना, तीही लागली. पाचोरा आलं. आबांनी हात वर करून पोरांना गप्प केलं. चाचा एकटेच म्हणाले, "नगरदेवळे. गाळण."

घोळक्यातून "बापरे!" असा आवाज उठला. सगळ्यांच्या नजरा आबांकडे गेल्या. आबांनी मिशीवरून हात फिरवला.

"पोरीनं शिकाडेल व्हई," ते म्हणाले. "तुम्ही खोटं बोलता असं नाही म्हणत. पण ही तुमच्या दुकानात येऊन बोलली. म्हातारपणी ऐकलेलं आणि आठवलेलं एकात एक मिसळतं."

रत्नाच्या तोंडचं पाणीच पळालं. आबांचं म्हणणं चूक म्हणता येत नव्हतं. ती काहीतरी बोलणार तोच चाचा मोठ्यानं हसले.

"आबासाहेब, ही कोण आहे? एसटीची कंडक्टर! स्टॉपचा क्रम चुकला तर हिचा पगार कापतील. हिनं शिकवलं असतं तर बरोबर शिकवलं असतं!"

आधी प्रेमराज हसला, मग बायका, मग सगळी ग्रामपंचायत. आबा तेवढे हसले नाहीत. ते काठीनं मातीत रेघा ओढत विचार करत होते. हसणं ओसरलं तेव्हा गर्दीतून पुष्पाबाई पुढे आली. गावच्या बैठकीत ती आजवर बोलली नव्हती. तिनं आबांकडे पाहिलंच नाही. ती थेट चाचांपाशी गेली.

"भाऊ, तुले कजगावले उतारं का त्यासनी?"

"कजगावला? नाही वहिनी," चाचा म्हणाले. "मी धुळ्याचा ना! कजगाव, वाघळी, चाळीसगाव. चाळीसगाव आलं की मला म्हणाला, ऊठ, गाडी बदल, धुळ्याची गाडी तिकडे उभी आहे. मग जामदा, राजमाने, शिरूड, बोरविहीर. मी रडायला लागलो. म्हटलं, मला पाय नाही, कसा बदलू? तर म्हणाला, मी घेतो ना खांद्यावर. आणि खरंच घेतलं. मोहाडी म्हणालो ते शेवटचं आठवतं. मोहाडीच्या पुढे माझं घरच."

पुष्पाबाई खाली बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा मात्र उजळला होता.

"माले काय माहीत," ती म्हणाली. "माले वाटे, त्यासनी गाडी कजगावलेच थांबस."

आबा उठले. दगडापाशी गेले. त्यावर हात ठेवून उभे राहिले. "ज्याला त्याला त्याच्या घरी उतरवलं," ते म्हणाले. "हे कोणी शिकवून सांगत नसतं. गावाची गाडी तर कजगावपुढे कधी गेलीच नाही, मग पोरगी शिकवणार काय? प्रेमराज, खडू घे. सगळ्यात वर जागा आहे ना? तिथं लिही."

रत्नानं आनंदानं उडीच मारली. सदफनं तिला मिठी मारली. पोरांनी "उतर! उतर!" असा गलका केला. प्रेमराजनं खडू घेतला आणि विचारलं, "पूर्ण नाव?"

"रुप..." रत्ना बोलायला गेली.

"थांब," आबा म्हणाले. "नाव घरच्या कर्त्या माणसानं सांगायचं. बाकीच्या सगळ्यांच्या वेळी तसंच केलं. नियम सगळ्यांना सारखा."

सगळे पुष्पाबाईकडे बघायला लागले. आणि मग बायकांच्या घोळक्यात खसखस पिकली, कारण सगळ्यांना एकदमच आठवलं. पुष्पाबाईनं नवऱ्याचं नाव उभ्या जन्मात तोंडानं घेतलं नव्हतं. मतदानाच्या वेळीही ती रत्नाला पुढे करायची. तिच्यासाठी ते 'त्या', म्हणजे तिच्या बोलीतले 'ते', होते, नंतर 'रत्नाना आजा' झाले.

"उखाणा घ्या, अक्का!" एक सून ओरडली.

"मोठा घ्या! चाचा धुळ्याहून आलेत!"

पुष्पाबाईनं पदर तोंडाशी नेला. कान लाल झाले. नासीरचाचा अदबीनं दुसरीकडे बघायला लागले. प्रेमराज खडू धरून थांबला होता. आजी लाजून रत्नाला पुढे करील, असं रत्नाला वाटलं. पण आजीनं पदर खाली घेतला, गुडघ्यावर हात टेकून उभी राहिली आणि सरळ दगडासमोर गेली.

"उखाणा नको," ती म्हणाली. "उखाण्यात नाव लपस."

मग तिनं मोठा श्वास घेतला.

"रुपचंद पुना महाजन."

प्रेमराजनं पहिलं अक्षर काढलं. मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्यानं कानाला हात लावून विचारलं, "काय म्हने ती? ऐकू नही उनं."

पुष्पाबाई वळली आणि गिरणेपलीकडे जाईल अशा आवाजात तिनं ते नाव पुन्हा घेतलं.